देवराईतलं मोठं झाड मोजताना

नारळ वर आणि टेप तळाशी, अशी पिशवी भरायची. देवराईच्या कडेला पोचल्यावर आधी हात जातो तो देवापुढे ठेवायच्या नारळाकडे. टेपची पाळी तासाभराने येते, कधी येतच नाही. मोठ्या घेराची जुनी झाडं बघायला निघालेले बरेच जण हे उलटं करतात आणि मग गावात वाकडं होतं.

सह्याद्रीत कोळशाच्या भट्ट्या, लाकूडतोड आणि शेतीचा विस्तार यांतून जी प्रचंड झाडं वाचली, त्यांतली बरीचशी देवाच्या नावाने राखलेल्या जागांत उभी आहेत. पुणे-मावळाकडे देवराई, कोकणात देवरहाटी किंवा नुसतं रहाट, गोव्यात देवराय. १९७० च्या दशकात व्ही. डी. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी या राया गावोगाव फिरून नोंदवल्या, तेव्हा त्यांच्याकडे वनस्पतीशास्त्राचं लक्ष गेलं. आकार कसाही असतो. एखादी राई म्हणजे तांदळा, म्हणजे देव मानलेला अनघड दगड, आणि भोवती सातआठ झाडं, तर एखादी कित्येक एकरांची. खाली जे लिहिलं आहे ते मुख्यत्वे सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या सत्तरीकडच्या रायांना आणि घाटमाथ्यावरच्या, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या आहुप्यासारख्या राईला लागू पडतं.

आधी महिना ठरवायचा. दोडामार्ग, बांदा, सत्तरी या पट्ट्यात माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत. हा ताप गोचिडीतून येतो आणि त्याचा जोर साधारण जानेवारी ते मे. त्यामुळे त्या बाजूला आम्ही नोव्हेंबर ते डिसेंबरचा मध्य एवढाच काळ धरतो. पाऊस सरलेला असतो, जमीन घट्ट झालेली असते आणि पालापाचोळ्यातल्या बारीक गोचिडी अजून फार वाढलेल्या नसतात. पावसाळ्यात जळवा असतात, पण जळवेने रक्त जातं एवढंच. खिशात मीठ असलं की भागतं. गोचीड दिसत नाही, चावलेली कळत नाही, तिला जास्त भ्यावं. आसपास माकडं मेल्याची बातमी असेल तर त्या वर्षी ते गाव टाळायचं, यात तडजोड नाही. आहुप्याला मार्चपर्यंत जाता येतं. मात्र ते भीमाशंकर अभयारण्यात येत असल्याने गावासोबत वनखात्यालाही विचारावं लागतं. मंचर-घोडेगाव करून डिंभे धरणाच्या पाणलोटाकडेने रस्ता वर चढतो. पेट्रोल आणि रोकड दोन्ही घोडेगावातच बघून घ्यावं.

पाहणी पुढे चालू ठेवायची असेल तर दरवर्षी तोच महिना पकडावा. पावसात साल पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात खोड किंचित आकसतं. एकदा ऑगस्टात आणि एकदा एप्रिलात मोजलं तर झाड लहान झाल्याचंही दिसू शकतं.

सामान थोडं. तीस मीटरची फायबरची टेप, कारण शिंप्याची दीड मीटरची आणि सुताराची पाच मीटरची टेप जुन्या झाडाला पुरत नाही. सुतळी नको. ती ओली झाली की आखडते, ओढली की ताणते, आणि नायलॉनची दोरी तर रबरासारखी वागते. १.३७ मीटरवर खाच पाडलेली बांबूची काठी, जी चालायलाही उपयोगी. क्लायनोमीटर किंवा कोन दाखवणारं फोनमधलं अ‍ॅप. पेन्सिल (पेनाची शाई दमटपणाने पसरते), जाड पुठ्ठ्याची वही, लांब हाताचा शर्ट, पायमोज्यात खोचता येईल अशी पँट. अत्तर, सुगंधी तेल, वासाचा साबण त्या दिवशी बंद. कारण पुढे येईल.

गावात पोचल्यावर मानकरी कोण आणि गुरव कोण, हे आधी विचारायचं. कोकणात गावकार, म्हणजे गावाचे मानकरी, असतात, त्यांचा शब्द वेगळा आणि गुरवाचं काम वेगळं. आदल्या दिवशी फोन झालेला असेल तर उत्तम. जत्रा, शिमगा, गावपळण (सगळा गाव काही दिवस वेशीबाहेर राहायला जातो ती) असे दिवस टाळायचे. कुणी लगेच होकार देतं, कुणी देवाला विचारतं. मग गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या पाषाणाला कळ्या किंवा तांदूळ लावून कौल लावतो आणि उजवा-डावा कौल बघितला जातो. डावा, म्हणजे नकार, आला की चहा पिऊन परत फिरायचं. ‘बाहेरूनच मोजतो’, ‘लांबूनच फोटो काढतो’ असली घासाघीस केली की पुढच्या माणसाचीही वाट बंद होते. हे काही भाबडेपण नाही. त्या राईतलं मोठं झाड आज उभं आहे ते ‘विचारल्याशिवाय आत नाही’ या नियमामुळेच. तो नियम आपल्यापुरता वाकवून झाडाचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

नियम गावागणिक वेगळे. चप्पल-बूट जवळपास सगळीकडे बाहेर. चामड्याचा पट्टा आणि पाकीटही काही ठिकाणी बाहेर. काही रहाटांत बायकांना अमुक हद्दीपुढे जाऊ देत नाहीत, आणि काही रहाटांच्या एका अंगाला गावाचं स्मशान असतं, तिकडे कॅमेरा काढायचा नाही. सुकलेलं पान, पडलेलं फळ, मोडलेली काटकी, काहीही उचलायचं नाही. वनस्पती ओळखायची असेल तर जागेवर फोटो. अनवाणी जाण्याचा नियम आणि गोचीड यांचा मेळ मात्र बसत नाही. त्यावर आम्ही सरळ विचारतो, ‘कापडाचे मोजे चालतील का?’ बहुतेक जाणते हो म्हणतात. नाही म्हणाले तर पायाला गोचीड पळवणारं औषध लावून, पायवाट न सोडता, जेवढं दिसतं तेवढं बघायचं.

आत गेल्यावर पहिली वीस मिनिटं काही मोजायचं नाही. डोळ्यांना अंधार सरावायला तेवढा वेळ लागतोच. आधी वर बघायचं. उंच आडव्या फांदीखाली आग्या मोहाची पोळी लोंबत असतील तर त्या झाडाखाली थांबायचं नाही, धूर करायचा नाही, आणि अत्तराची बंदी याचसाठी. ढोलीच्या तोंडाशी चिखलासारखं लिंपण आणि खाली विष्ठा, फळांच्या बिया यांचा सडा दिसला तर तिथे धनेशाचं घरटं आहे. साधारण फेब्रुवारी ते मे या काळात मादी आत कोंडलेली असते आणि नर चारा आणतो; आपण खाली उभे राहिलो की तो येत नाही. मग खाली बघायचं, आणि शेवटी छातीच्या उंचीवर. हे तिसरं लोक विसरतात. मलबार चापडा हा विषारी साप पावसाळ्यात आणि त्यानंतरही खोडावर, वेलावर, हाताच्या उंचीच्या फांदीवर तासन् तास हलत नाही. शेवाळाच्या रंगात मिसळलेला असतो. झाडाला मिठी मारून टेप पलीकडे द्यायची, तर पलीकडची साल आधी डोळ्यांनी पूर्ण फिरून घ्यावी. बिब्ब्याच्या कुळातली काही झाडं सिंधुदुर्गाच्या रायांत असतात. सालीवर काळे ओघळ दिसले तर हात लावू नये, चीक लागला की फोड येतात. खाजकुइलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात, त्यांची लव वाऱ्याबरोबर मानेवर येते.

आता घेर.

भारतीय वनखात्याची रीत म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, अर्थात साडेचार फुटांवर, खोडाचा घेर घ्यायचा. परदेशी नोंदींत बऱ्याचदा १.३ मीटर असतं, म्हणून वहीत उंची लिहायचीच. काठी पालापाचोळ्यावर टेकवायची नाही, पाला बाजूला सारून मातीला लावायची. जुन्या राईत पाल्याचा थर सहज वीतभर असतो आणि तेवढ्याने टेप वर जाते, घेर कमी येतो. उतारावरच्या झाडाला वरच्या अंगाकडून मोजतात. खालच्या अंगाकडून मोजलं तर टेप बुंध्याच्या पसरट भागावर येते आणि झाड फुकटचं जाड होतं. फोटोसाठी मुद्दाम खालून मोजणारे आहेत, हे वेगळं सांगायला नको. झाड कललेलं असेल तर टेप जमिनीला समांतर धरायची नाही, खोडाला काटकोनात धरायची.

मोजायला तिघं लागतात. एक शून्य धरतो, दुसरा टेप घेऊन फिरतो, तिसरा काहीच धरत नाही, तो फक्त लांबून फेरी मारून टेप कुठे चढली-उतरली ते सांगतो. हा तिसरा माणूस वाचवला की चूक ठरलेली. टेप एका बाजूने वीस अंशांनी तिरकी गेली तर घेर सुमारे तीन टक्क्यांनी जास्त येतो, म्हणजे सहा मीटरच्या झाडावर १८-१९ सेंटीमीटर. एवढी वाढ व्हायला झाडाला कित्येक वर्षं लागतात. पाच-सात अंशांचा तिरकेपणा मात्र क्षम्य, त्याने अर्धा टक्काही फरक पडत नाही.

वेल हा दुसरा घोळ. गारंबीसारखा मांडीएवढा वेल खोडाला चिकटून चढलेला असतो आणि टेप त्याच्यावरून गेली की वेलाची जाडी झाडाच्या खात्यात जमा. शक्य असेल तिथे टेप वेलाच्या आतून ओवायची. ओवता येत नसेल तर ‘वेलासह’ असं लिहून सोडून द्यायचं. वेल तोडायचा नाही, हे वेगळं सांगावं लागू नये, पण कोयती घेऊन ‘साफसफाई’ करणारे भेटतात. सातविणीसारख्या झाडाचं खोड म्हातारपणी पन्हळी होतं. टेप पन्हळीच्या आत शिरत नाही, ती कंगोऱ्यांवरून जाते. घेर खरा असतो, पण त्यावरून लाकूड किती हे काढायला जाऊ नये. बरोबर १.३७ मीटरवरच गाठ किंवा फुगवटा आला तर त्याच्या लगेच खाली, जिथे खोड सर्वांत बारीक आहे तिथे मोजायचं आणि ती उंची लिहायची. खोड त्या उंचीच्या खालीच दुभंगलं असेल तर ती दोन खोडं धरायची. दोन्हींची बेरीज करून ‘दहा मीटर घेर’ म्हणणं ही लबाडी आहे.

तीन वेळा मोजून मधला आकडा घ्यावा. पाच मीटरच्या झाडावर तीन मापांत पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर टेप कुठेतरी अडकते आहे, पुन्हा फिरवायची. खूण करायला खडू, रंग, खिळा यांतलं काहीही नाही. पुढच्या वर्षी तीच जागा सापडायला फोटो पुरतो, काठी शेजारी उभी करून.

फळ्यांसारखी आधारमुळं फुटलेली झाडं, जुनी काटेसावर त्यांतलीच, वेगळी वागणूक मागतात. तिथे १.३७ मीटरवर टेप लावली तर झाडाचा घेर मिळत नाही, फळ्यांच्या कडांचा मिळतो. आधारमुळं जिथे खोडात विरतात त्याच्या वर ३० सेंटीमीटरवर मोजायचं. टेप वर न्यायला टोकाला दुबेळकं (दोन फाट्यांचा आकडा) असलेले दोन बांबू पुरतात, दोघांनी दोन बाजूंनी सरकवत न्यायची. मुळांवर चढायचं नाही. ओल्या सालीवरून पाय घसरतो आणि देवाच्या झाडावर चढलेलं गावालाही रुचत नाही. मुळं तीनचार मीटर उंच गेली असतील तर घेराचा नाद सोडून मुळांची उंची आणि जमिनीवरचा पसारा लिहावा.

वडाच्या घेराच्या वाट्याला तर जाऊच नये. वड आणि नांद्रुक पुष्कळदा दुसऱ्या झाडावर रुजून त्यालाच गिळतात. आपण ज्याला खोड म्हणतो ते पारंब्यांचं एकजीव झालेलं जाळं असतं. संगमनेर तालुक्यातला पेमगिरीचा वड एकरांत सांगतात ते बरोबरच आहे. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशी लागल्याने १९२५ मध्ये काढून टाकलं, झाड पारंब्यांवर पसरतच राहिलं. त्याचा घेर कुठला धरणार? अशा झाडाला पानांच्या कडेखालून चालत फेरी मारायची, फोनवर ती वाट नोंदवायची, आणि जमिनीला टेकलेल्या पारंब्या मोजायच्या. मनगटापेक्षा जाड असतील त्याच धरायच्या, नाहीतर मोजणी संध्याकाळपर्यंत संपत नाही.

उंचीत सगळ्यात जास्त थापा असतात, आणि बहुतेक न कळत मारलेल्या. मोकळ्या माळावर काठीची युक्ती चालते: डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर तेवढीच काठी मुठीच्या वर उभी धरायची आणि झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काठीत नेमकं मावेल तिथवर मागे जायचं, मग झाडापर्यंतचं अंतर म्हणजे उंची. उतारावर आणि दाट राईत ही युक्ती निरुपयोगी. तिथे कोन मोजावे लागतात. समजा झाडापासून २५ मीटरवर उभे आहोत, शेंडा ४५ अंश वर आणि बुंधा ५ अंश खाली दिसतो. हिशेब २५ मीटर अधिक २.२ मीटर, म्हणजे सुमारे २७ मीटर. पण ज्याला आपण शेंडा समजलो ती आपल्याकडे पाच मीटर झुकलेली फांदी असेल तर तिचं खरं अंतर २० मीटर, आणि तिची उंची २२ मीटरच. एका चुकीच्या फांदीने झाडाला पाच मीटर चढवले. खालून बघताना जवळची फांदी नेहमीच सगळ्यात उंच वाटते. म्हणून दोन विरुद्ध दिशांनी मोजायचं, आणि आकडे जुळले नाहीत तर लहान आकड्यावर जास्त विश्वास ठेवायचा. लेझरचं अंतरमापक असेल तर थेट शेंड्यापर्यंतचं तिरकं अंतर घेऊन त्याला कोनाच्या साइनने गुणावं. त्यात झुकलेली फांदी फसवत नाही. राईत शेंडा अजिबात दिसत नसेल तर उंचीची जागा वहीत कोरी ठेवावी. कोरी जागा शोभून दिसते.

वयाचा प्रश्न गावात शंभर टक्के निघतो. ‘पाचशे वर्षांचं आहे ना?’ उत्तर देता येत नाही, आणि न देण्यातच प्रामाणिकपणा आहे. थंड देशांतल्या झाडांत दरवर्षी एक स्वच्छ वर्तुळ उमटतं; आपल्याकडे सागात ती नीट दिसतात, पण सदाहरित जंगलातल्या बऱ्याच झाडांत वर्तुळं अस्पष्ट किंवा वर्षाशी न जुळणारी असतात. शिवाय म्हातारं खोड आतून पोकळ, म्हणजे सगळ्यात जुनं लाकूड कुजून गेलेलं. खोडात भोक पाडून लाकडाची काडी काढण्याचं हत्यार असतं, ते देवराईत न्यायचा प्रश्नच नाही. घेरावरून वय काढण्याची परदेशी कोष्टकंही इथे लावू नयेत. दाट सावलीत अडकलेला अंजनीचा बुंधा हाताएवढा असूनही शेजारच्या जाडजूड आंब्याच्या आधीचा असू शकतो. वहीत आम्ही दोन रकाने ठेवतो: ‘मोजलं’ आणि ‘गावात सांगतात’. दुसरा रकाना कमी प्रतीचा मानायचा नाही. ‘आजाच्या आजाने याच ढोलीत शेळी लपवली होती’ हे वाक्य ढोलीचं किमान वय सांगून जातं. सरकारी व्याख्या तर फारच उदार आहे: २०२१ च्या दुरुस्तीनंतर शहरी भागाच्या वृक्ष कायद्यात पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. पन्नाशीचं झाड राईत पोरसवदाच.

सिंधुदुर्गात गेलाच आहात तर हेवाळे-बांबर्डेची राई वेगळ्या कारणासाठी बघावी. तिथे घेराचे विक्रम नाहीत, रानटी जायफळाच्या कुळातल्या झाडांची गोड्या पाण्याची दलदल आहे. २.५९ हेक्टरांची ही जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. गोव्यात सत्तरीतल्या नानोड्याकडची निरंकाराची राई याच जातीची. चिखलातून गुडघ्यासारखी वाकलेली श्वसनमुळं वर आलेली असतात. पाय ठेवायला तीच भक्कम वाटतात आणि लोक त्यांच्यावरूनच उड्या मारत जातात. ती झाडाची श्वास घ्यायची सोय आहे. कडेने बघावं, आत उतरू नये. इथे टेप बाहेर काढण्याचीही गरज नाही.

मोठ्या झाडाचं नुकसान कुऱ्हाडीपेक्षा हौसेने जास्त होताना दिसतं. जीर्णोद्धारात बुंध्याभोवती सिमेंटचा पार आणि वर फरशी बसते. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीत असतात, ती गुदमरतात आणि चारपाच वर्षांत शेंडा वाळायला लागतो. तोवर पाराचं उद्घाटन विसरलेलं असतं. गर्दीच्या पायांनीही तीच माती दाबली जाते, म्हणून सात जणांनी हात धरून झाडाला कवेत घेण्याचा फोटो टाळावा. धुपाच्या झाडाला राळेसाठी घाव घालतात, बुंध्याशी जाळही करतात. अशा झाडाचा नेमका ठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नये. गावाचं नाव पुरे.

निघताना रायीच्या हद्दीवर उभं राहून कपडे, मोजे झटकायचे. मापांची एक प्रत सुवाच्य अक्षरात गुरवाकडे किंवा ग्रामपंचायतीत द्यायची: झाडाचं गावातलं नाव, घेर, किती उंचीवर मोजला, कुठल्या बाजूने, तारीख. कितीतरी देवरहाटींची सातबाऱ्यावर नोंद सरकारच्या नावाने आहे, आणि रस्ता किंवा खाण आली की ‘इथे काय होतं’ हे दाखवायला असा कागद गावाच्या हाती असलेला बरा.

मुक्कामी पोचल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून काखा, जांघा, कानामागे, गुडघ्यामागे एकमेकांना तपासायचं. गोचीड सापडली तर चिरडायची नाही, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपटायची, जागा साबणाने धुवायची. तीन ते आठ दिवसांत थंडी वाजून ताप आला, डोकं आणि अंग सणकून दुखायला लागलं, तर डॉक्टरांना आधी हेच सांगायचं की दोडामार्गच्या रानात गेलो होतो.